धुळीतलं सोनं: घरगुती पन्हळ कशी बांधली आणि कशी तपासली

सिन्नरमध्ये सोन्यावर व्याख्यान आहे म्हटल्यावर आज गर्दी जरा जास्त दिसते आहे. म्हणून सुरुवातीलाच सांगून टाकतो, देवनदीत सोनं नाही. सरस्वती नदीतही नाही. आपण उभे आहोत तो सगळा दख्खनचा काळा दगड, म्हणजे बेसॉल्ट. लाव्हाचे थर एकावर एक साचून तो तयार झाला. या दगडाच्या पोकळ्यांत झिओलाइटची सुंदर स्फटिकं मिळतात. आपल्याच गावातल्या गारगोटी संग्रहालयात ती जाऊन बघा. पण सोन्याच्या शिरा या दगडात नसतात. महाराष्ट्रात सोन्याचे साठे सापडले आहेत ते विदर्भात, नागपूर-भंडाऱ्याच्या बाजूच्या फार जुन्या खडकांत. दक्षिणेत रायचूर जिल्ह्यातली हट्टीची खाण तर आजही चालू आहे.

मग सिन्नरमध्ये बारीक सोनं येतं कुठून? सराफाच्या कारखान्यातून. कारागीर कानस मारतो तेव्हा कीस उडतो. पॉलिशच्या चाकावरून पूड उडते. ती पाटाच्या फटीत, झाडूत, हात धुतल्याच्या पाण्यात जाते. पुढे मोरीत, आणि मोरीतून गटारात. दागिन्याची जी 'घट' धरतात, तिचा एक भाग हा असा खरोखरच धुळीत गेलेला असतो. ही धूळ विकत घेऊन किंवा झाडून नेऊन, धुऊन त्यातलं सोनं काढणारे लोक आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. आपण त्यांना झारेकरी म्हणतो, कुठे धूळधोये म्हणतात. नदीच्या वाळूतून सोनं धुणारेही होते. जुन्या मध्य प्रांतात सोनझरी किंवा सोनझारा. रसेल आणि हिरालाल यांच्या १९१६ सालच्या जातीजमातींवरच्या ग्रंथात त्यांच्यावर स्वतंत्र नोंद आहे. धारवाडकडे जलगार. म्हणजे आज आम्ही जे सांगणार आहोत त्यात नवीन काही नाही. नवीन एवढंच, की आम्ही ते मोजून पाहिलं.

आम्ही या भानगडीत का पडलो

आम्ही चौघंजण विज्ञानाच्या हौसेपायी एकत्र आलेलो. एका झारेकरी काकांच्या घरी गेलो होतो. त्यांचं नाव सांगत नाही, त्यांची तशी इच्छा आहे. काकांनी प्रेमाने सगळी कृती दाखवली. धूळ जाळली, कुटली, परातीत धुतली. शेवटी जो काळा गाळ उरला त्यात पारा टाकून अंगठ्याने मळला. पारा सोन्याला धरतो. मग तो फडक्यातून पिळला आणि उरलेला गोळा एका वाटीत घालून गॅसवर ठेवला. पारा उडून जातो, सोनं मागे राहतं. हे सगळं स्वयंपाकाच्या ओट्यावर. शेजारी डाळीचं पातेलं, आणि दारात काकांची चार वर्षांची नात.

आता पारा 'उडून जातो' म्हणजे कुठे जातो? तो खोलीत जातो. पारा उकळतो ३५७ अंशांना, पण साध्या खोलीच्या तापमानालाही त्याची वाफ होत असते. तिला रंग नाही, वास नाही, डोळे झोंबत नाहीत. त्यामुळे शरीर सावध होत नाही. फुप्फुसातून ती रक्तात जाते, आणि मेंदू, मज्जातंतू व मूत्रपिंड यांना इजा करते. हात थरथरणं, झोप उडणं, विसरायला होणं, ही लक्षणं हळूहळू येतात आणि वयाच्या नावावर खपून जातात. लहान मुलं आणि गरोदर बायका यांना धोका सगळ्यात जास्त. आज जगभरात माणसाच्या हातून हवेत जाणाऱ्या पाऱ्याचा सगळ्यात मोठा वाटा असल्या छोट्या प्रमाणावरच्या सोनंकामाचाच आहे. म्हणून तर पाऱ्याविषयीचा मिनामाता करार २०१३ साली झाला, २०१७ मध्ये अमलात आला, आणि २०१८ मध्ये भारतानेही त्याला मान्यता दिली.

काकांना आम्ही हे सांगितलं. काका म्हणाले, "सर, मला माहीत नाही का? पण पारा नाही टाकला तर पिठासारखं सोनं वाहून जातं. तेवढाच माझा रोज. तुम्ही दुसरं काही द्या, मी पारा आज फेकून देतो."

अर्थात पारा कुठे फेकायचाही नसतो. पण त्यांचा प्रश्न रास्त होता. पाऱ्याशिवाय, घरच्या सामानात, किती बारीक सोनं धरता येतं? आमचं पुढचं सगळं काम या एका प्रश्नाचं उत्तर आहे.

सूप आणि पाणी

सिन्नर विड्यांचं गाव. सूप मांडीवर घेऊन बसलेल्या मावश्या घरोघरी. पाखडणं म्हणजे काय हे इथे कुणाला शिकवायला नको. हलकं पुढे जातं, जड मागे राहतं. सोन्याचंही तेच, फक्त वाऱ्याऐवजी पाणी.

पाणीच का? आता हा हिशोब बघा. शुद्ध सोन्याची घनता १९.३, म्हणजे पाण्याच्या १९.३ पट. बावीस कॅरेटची सुमारे १७ ते १८. काळ्या दगडाच्या वाळूची साधारण २.९ ते ३. हवेत सोनं या वाळूपेक्षा साडेसहा पट जड. पण पाण्यात बुडाल्यावर प्रत्येक वस्तूच्या वजनातून तेवढ्याच आकाराच्या पाण्याचं वजन कमी होतं. सोन्याचे उरतात १८.३, वाळूचे उरतात दोनच्या आत-बाहेर. म्हणजे फरक झाला नऊ पटींच्या वर. पाणी आपल्यासाठी फुकट काम करतं ते हे.

मग अडचण कुठे? अडचण बारीकपणात आहे. बारीक कण पाण्यात किती वेगाने बुडतो हे त्याच्या व्यासाच्या वर्गावर ठरतं. स्टोक्सचा नियम तो हाच. व्यास निम्मा झाला की वेग चौथाई. ५० मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या विसाव्या भागाएवढा सोन्याचा गोल कण सेकंदाला सुमारे दोन सेंटिमीटर खाली जातो. १० मायक्रॉनचा घेतला तर एक मिलिमीटरच. तेवढ्या वेळात वाहतं पाणी त्याला पन्हळीबाहेर घेऊन जातं. त्यात कानशीचा कीस गोल नसतो, चपटा असतो. तो पानासारखा हेलकावे खात जातो, म्हणजे आणखी सावकाश.

याच हिशोबातून दुसरी एक गोष्ट निघते, आणि ती फार कामाची आहे. ५० मायक्रॉनचं सोनं आणि त्याच्या तिप्पट, म्हणजे १५० मायक्रॉनची वाळू, ही दोन्ही जवळजवळ एकाच वेगाने बुडतात. पाण्याला त्यांच्यात फरक कळत नाही. म्हणून माल आधी चाळायचा आणि जाड-बारीक वेगवेगळं धुवायचं. एका घाण्यात सगळ्यात मोठा कण सगळ्यात लहान सोन्याच्या तिपटीपेक्षा मोठा नको. हे एवढं केलं तरी अर्धं काम झालं. आम्ही रव्याची चाळणी, मैद्याची चाळणी आणि मलमलचं फडकं वापरून चार वाटे केले.

आणि बारीक किती बारीक? एका ग्रॅम सोन्याचे ५० मायक्रॉनचे गोल कण केले, तर जवळपास ८ लाख कण होतील. एक-दोन कण डोळ्यांना दिसलेच तर ते चमचमतात आणि आपण खूश होतो. पण तराजूवर त्यांचं काहीच नसतं. ही चमक फसवते, म्हणून मोजमाप हवं.

पन्हळ

सामान सांगतो. सहा इंची पीव्हीसी पाईप, चार फूट लांब, उभा चिरून त्याची पन्हळ. तिचा तळ गोल राहतो आणि पाणी मधोमध जमतं, म्हणून आत सपाट पट्टी बसवली. एक कूलरची मोटर, दोन टब. तळाला अंथरायला तीन प्रकार आळीपाळीने करून पाहिले: आडव्या रेघांचं रबरी पायपुसणं, कापडी सतरंजीचा तुकडा, आणि घोंगडीचा तुकडा. घोंगडीचं हसू नका. काळ्या समुद्राकाठी जॉर्जियाच्या डोंगरात मेंढीचं कातडं ओढ्यात अंथरून त्याच्या लोकरीत सोनं धरत, हे स्ट्रेबोने दोन हजार वर्षांपूर्वी लिहून ठेवलं आहे. ग्रीकांच्या सोनेरी लोकरीच्या गोष्टीमागे हेच असावं असं पुष्कळांचं मत आहे. आपल्या धनगरांकडे तर ती लोकर घरचीच.

हे काम का करतं? पाणी रेघेवरून उडी मारतं आणि तिच्या मागे एक छोटा भोवरा तयार होतो. भोवऱ्यात वाळू सैल राहते, वर-खाली होते. जड कण संधी मिळताच तळाशी बसतो, आणि एकदा बसला की रेघेच्या आडोशाला सुरक्षित. रेघ फार उंच झाली तर भोवरा जोरकस होतो आणि बारीक सोनं उचलून नेतो. म्हणून बारीक सोन्याला बुटक्या रेघा किंवा लोकर.

उतार किती द्यायचा? सुरुवात फुटाला एक इंच. मोजायला गवंड्याची पाण्याची नळी पुरते. पण आकड्याला चिकटून राहू नका. पाणी तळावर पातळ, एकसारखं पसरलं पाहिजे. वाळू थांबून साचायला लागली तर उतार वाढवा. काळी रेती झरझर वाहून जायला लागली तर कमी करा. मोटरचं पाणी किती येतं ते बादली आणि मोबाईलचं घड्याळ घेऊन मोजा आणि लिहून ठेवा. नाहीतर उद्याचा प्रयोग आजच्याशी ताडता येणार नाही.

सिन्नर तालुक्यात पाण्याची काय स्थिती असते ते तुम्हाला ठाऊक आहे. त्यामुळे पाणी फिरतं ठेवलं. पन्हळीचं पाणी पहिल्या टबात पडतं, गाळ तिथे बसतो, वरचं पाणी दुसऱ्या टबात जातं आणि तिथून मोटर ते परत वर चढवते. दोन बादल्यांत दिवस निघतो. यात एक फायदाही आहे, सुटलेलं सोनं गटारात न जाता टबातच राहतं.

पाण्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब घालायला विसरू नका. तेलकट कण पाण्याच्या पृष्ठभागावर तरंगतो, मग तो सोन्याचा का असेना. साबणाने तो बुडतो.

तपासणी

खरं काम इथून पुढे. पन्हळ कुणीही बांधेल. ती किती सोडते हे सांगता आलं पाहिजे.

सोनं टाकून तपासायला आमच्याकडे सोनं नव्हतं. म्हणून पितळ घेतलं. पितळेची घनता साडेआठच्या आसपास, सोन्याच्या निम्म्याहून कमी. सोन्याला मारतात तशाच बारीक कानशीने पितळ घासलं, म्हणजे कणांचा आकारही तोच. आता विचार करा. त्याच आकाराचं पितळ जर पन्हळीने धरलं, तर दुप्पट जड सोनं ती नक्कीच धरेल. उलटं मात्र म्हणता येत नाही. परीक्षा अशी घ्यावी, खऱ्या कामापेक्षा जरा अवघड.

पद्धत अशी:

१. नदीची वाळू चाळून घ्यायची आणि तिच्यावरून लोहचुंबक फिरवायचं. आपल्या वाळूत मॅग्नेटाइटची काळी रेती भरपूर असते. ती निघाली की शेवटी पितळ शोधणं सोपं जातं. चुंबकाला प्लॅस्टिकची पिशवी घाला, नाहीतर रेती सोडवता सोडवता रात्र होईल.

२. आधी कोरी फेरी. म्हणजे पितळ न घालता नुसती वाळू धुवायची. आमच्या कोऱ्या फेरीत पितळ सापडलं! आदल्या दिवशीचं सतरंजीत अडकलेलं. ही फेरी केली नसती तर तेच पितळ दुसऱ्या दिवशीच्या यशात मोजलं असतं.

३. भिंगाखाली शंभर कण मोजून वाळूत मिसळायचे. जाड, मध्यम, बारीक अशा तीन परीक्षा वेगवेगळ्या.

४. मिसळणारा एक आणि मोजणारा दुसरा. मोजणाऱ्याला किती कण घातले ते सांगायचं नाही. कधी शंभर, कधी साठ. शंभर घातलेत हे माहीत असलं की डोळे शंभरापर्यंत शोधत राहतात.

५. एकदा करून थांबायचं नाही. निदान तीनदा. शंभर कणांच्या मोजणीत पाच-सात कणांचा फरक नुसत्या योगायोगानेही पडतो. तेवढ्या फरकावरून रबर चांगलं की घोंगडी, असा निकाल देऊ नका.

निकाल काय? जाड कीस तिन्ही अंथरुणांनी जवळजवळ सगळा धरला. मध्यमाला रबर आणि घोंगडी सारखीच. बारकाला सतरंजी निम्म्यावर आली, घोंगडी सगळ्यात पुढे. पण घोंगडी धुऊन कण मोकळे करायला दुप्पट वेळ लागतो, लोकर ते सोडत नाही. आणि चाळणी न करता सगळं एकत्र धुतलं तेव्हा तिन्हींचा निकाल घसरला. म्हणजे अंथरुणापेक्षा चाळणी महत्त्वाची. आम्ही दोन महिने अंथरुणावर वाद घालत होतो, बरं का!

आता खऱ्या धुळीत किती सोनं आहे हे आधी माहीत नसतं. तिथे काय करायचं? दोन सारख्या पन्हळी एकामागे एक लावायच्या. समजा पहिलीत ८० मिलिग्रॅम सापडलं आणि दुसरीत १६. दोन्ही सारखाच वाटा धरत असतील, तर मूळ सोनं = पहिलीचा वर्ग भागिले दोन्हींतला फरक. ८० गुणिले ८० म्हणजे ६४००, भागिले ६४, म्हणजे १००. आपण ९६ मिळवलं, ४ गेलं. पण सावध राहा. दुसऱ्या पन्हळीपर्यंत पोचतात ते पहिलीने सोडलेले, म्हणजे सगळ्यात बारीक कण. दुसरी त्यांचा कमी वाटा धरते. त्यामुळे खरं नुकसान हिशोबापेक्षा थोडं जास्तच धरायचं.

काकांची परीक्षा

शेवटी पन्हळ काकांच्या दारात नेली. त्यांनी त्यांच्या धुळीचा ढीग केला, चार भाग पाडले, समोरासमोरचे दोन-दोन एकत्र केले. म्हणजे दोन सारखे वाटे. एक त्यांनी त्यांच्या रीतीने केला, एक आम्ही.

आम्ही हरलो. फार नाही, पण तराजूवर दिसण्याइतके. काका काही बोलले नाहीत. त्यांनी आमच्या टबातला गाळ बोटांत घेऊन चोळला आणि म्हणाले, "लाख आहे यात. तुमची धूळ नीट जळलीच नाही."

तेच खरं होतं. दागिना घट्ट धरायला कारागीर लाख वापरतो, पॉलिशला मेण-तेलाची कांडी. बारीक सोनं त्यात गुंतून बसलेलं. लाखेच्या गोळीत अडकलेला सोन्याचा कण पाण्याला हलकाच वाटणार. पितळेच्या परीक्षेत आम्ही स्वच्छ वाळू वापरली होती. ती परीक्षा इथे अपुरी पडली. मग धूळ उघड्यावर, वाऱ्याच्या दिशेकडे पाठ करून, राख होईपर्यंत भाजली, खलात कुटली, साबणाच्या पाण्यात रात्रभर भिजवली, आणि पुन्हा वाटे केले. फरक बराच घटला. शून्य झाला नाही, हे इथे स्पष्ट सांगतो.

उरलेल्या फरकाचं काय? पाऱ्याशिवायचा गाळ स्वच्छ असतो. तो साठवता येतो आणि पुरेसा झाला की सराफी गाळ विकत घेणाऱ्या रिफायनरीला देता येतो. पाऱ्याचा गाळ साठवणं म्हणजे घरात विष साठवणं. काकांनी आता एक पिंप त्यासाठी ठेवलं आहे. पन्हळीतून निघालेला माल चुंबकाने साफ करून, टाकणखार आणि थोडा शोरा घालून मुशीत वितळवतात. सोनं १०६४ अंशांना वितळतं. टाकणखार उरलेल्या रेतीची काच करून तिला वेगळं काढतो. कारागिराला यात नवीन काहीच नाही.

प्रश्नोत्तरांतून

प्रश्न आला, तेजाब वापरलं तर? नायट्रिक अॅसिडचा तपकिरी धूर निघतो. त्याने लगेच फक्त खोकला येतो, पण काही तासांनी फुप्फुसात पाणी भरू शकतं. रात्री घरी जाऊन माणूस दगावतो. घरात अजिबात नको.

दुसरा प्रश्न, सराफ बाजाराच्या गटारातून गाळ काढायचा का? उघड्या नालीच्या कडेचा गाळ वेगळा. बंद गटारात, चेंबरमध्ये कुणीही, कितीही सोन्यासाठी उतरू नये. आतला वायू दोन श्वासांत माणूस पाडतो, आणि वाचवायला उतरलेलाही तिथेच पडतो. माणसाला असं उतरवण्यावर २०१३ च्या कायद्याने बंदीही आहे.

तिसरा प्रश्न एका ताईंचा: काकांनी पारा सोडला का? घरातला सोडला. ओट्यावरची वाटी गेली. उरलेला पारा झाकण घट्ट लावून, पाण्याखाली, काचेच्या बरणीत घराबाहेर कुलपात आहे, आणि तो रीतसर कुठे देता येईल ते आम्ही बघतो आहोत. पण काकांचा पुतण्या अजून म्हणतो, फरक राहतोच ना? त्याचं बरोबर आहे. तो फरक आणखी कमी करणं हे आमच्याकडे बाकी असलेलं काम. तुमच्यापैकी कुणाला पन्हळ बांधायची असेल तर बांधा, मोजा, आणि आमच्यापेक्षा बरा आकडा आला तर आम्हाला येऊन सांगा. कोरी फेरी मात्र आधी करा.